क्लिअरकोट कापून धंदा उभा राहत नाही : निगडीत कार डिटेलिंग सुरू करण्याआधी



आधी एक चूक कबूल करतो. तीन वर्षांपूर्वी आपल्या चॅनेलवर कमी भांडवलाच्या धंद्यांची मालिका केली होती. त्यात कार डिटेलिंगबद्दल मी बोललो होतो, "सिरॅमिक कोटिंग करा, मार्जिन तिथेच आहे." तो व्हिडिओ बघून निगडीच्या एका पोराने गाळा भाड्याने घेतला, पॉलिशिंग मशीन आणलं, बोर्ड लावला. तिसऱ्याच आठवड्यात एका काळ्या सेडानच्या दरवाज्याच्या कडेला मशीन जरा जास्त टेकलं आणि आतला प्रायमर दिसायला लागला. दरवाजा परत रंगवून द्यावा लागला. महिन्याची कमाई गेलीच, शिवाय त्या गिऱ्हाइकाने सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. गाळा चार महिन्यांत बंद झाला.

तो मला भेटायला आला तेव्हा माझ्यावर चिडलाही नव्हता. एवढंच म्हणाला, "सर, पेंट किती जाड असतो हे तुम्ही सांगितलंच नव्हतं." खरं आहे, नव्हतं सांगितलं. कारण तेव्हा मलाच माहीत नव्हतं. म्हणून आजचा लेख.

कागदाचा एक साधा ताव हातात घ्या, झेरॉक्सच्या दुकानात मिळतो तो. त्याची जाडी साधारण शंभर मायक्रॉन. तुमच्या गाडीवरचा कंपनीचा संपूर्ण पेंट, सगळे थर मिळून, बहुतेक वेळा शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतो. खाली गंज रोखणारा ईडी कोट, त्यावर प्रायमर, मग रंग देणारा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअरकोट. चमक दिसते ती या क्लिअरकोटची, आणि तो असतो साधारण चाळीस मायक्रॉन. म्हणजे त्या कागदाच्या निम्म्याहूनही कमी. उन्हापासून खालच्या रंगाला वाचवणाराही तोच.

आता पॉलिश म्हणजे काय? ओरखडा "भरतो" असं गिऱ्हाइकाला सांगतात. ओरखडा भरत नाही. त्याच्या आजूबाजूचा क्लिअरकोट घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. हलक्या फिनिशिंग पॉलिशला जेमतेम मायक्रॉनभर जातो, जाड कंपाउंड आणि लोकरीचं पॅड लावून रोटरी चालवली तर एका फेरीत कित्येक मायक्रॉन जातात. दरवर्षी दसऱ्याला "रबिंग मारून घ्या" म्हणणारा मालक स्वतःच्या हाताने स्वतःचा पेंट संपवत असतो. शेवटी टपावर आणि बोनेटवर पांढुरके, पापुद्रे निघाल्यासारखे डाग येतात. तिथे कुठलंच पॉलिश चालत नाही, रंगच मारावा लागतो.

आणि बाहेर मारलेला रंग कंपनीसारखा होत नाही. हे चाकणच्या कुठल्याही पेंट शॉपमध्ये काम केलेल्याला विचारा. कारखान्यात नुसती बॉडी ओव्हनमध्ये जाते, आत सीट नाही, वायरिंग नाही, प्लास्टिक नाही. त्यामुळे क्लिअरकोट साधारण १४० अंशांवर भाजता येतो. गॅरेजच्या बूथमध्ये पूर्ण गाडी उभी असते, तिथे साठ-ऐंशी अंशांच्या वर जाता येत नाही. गॅरेजवाला कितीही कारागीर असो, तो वेगळा रंग आणि वेगळी भट्टी वापरतो. कंपनीचा पेंट एकदाच मिळतो.

हे मी एवढं लांबवतोय कारण आपल्या पट्ट्यातला खरा फायदा इथेच आहे. पिंपरीत टाटा मोटर्स, चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा, आणि त्यांच्या मागे सुट्या भागांना रंग देणारी किती तरी युनिट्स. निगडी, आकुर्डी, तळवडे, चिखलीत अशी हजारो घरं आहेत जिथे कोणी ना कोणी पेंट शॉपमध्ये, क्वालिटीत नाहीतर रिवर्कला आहे. लांब ट्यूबलाइटच्या बोगद्यात उभं राहून डस्ट, ऑरेंज पील, रन, क्रेटर शोधायची ज्यांच्या डोळ्याला सवय आहे, दोन हजार नंबरच्या पेपरने ठिपका घासून छोट्या मशीनने परत चमक आणणं ज्यांना येतं, अशी पोरं कंत्राटावर वर्ष-दोन वर्षं काम करतात आणि ब्रेक मिळाला की घरी बसतात. त्यांना वाटतं, आपल्याकडे कुठलाच धंदा नाही. अरे, पुण्या-मुंबईचे गाड्यांचे शौकीन हेच कौशल्य पदरचे पैसे घालून, स्वतःच्या गाड्या खराब करून शिकतात!

या हौशी मंडळींकडून मात्र एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. रविवारी सकाळी सहाला पार्किंगमध्ये दोन बादल्या घेऊन बसणारा एखादा तुमच्याही सोसायटीत असेल. बायको हसते, शेजारी हसतात. पण त्याच्या सहा वर्षं जुन्या गाडीचं बोनेट बघा आणि शेजारच्या दोन वर्षांच्या गाडीचं बघा. उन्हात दुसऱ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतील. ते खरं तर गोल नसतात. सगळ्या दिशांना बारीक रेषा असतात, त्यातल्या प्रकाशाला आडव्या येणाऱ्या तेवढ्याच चमकतात, म्हणून सूर्याभोवती गोल जाळं दिसतं. हे ओरखडे रस्त्यावर पडत नाहीत, गाडी पुसताना पडतात. रोज सकाळी धुळीवर ओलं फडकं फिरतं, तेच फडकं त्याच बादलीत बुडतं, तीच माती परत पुढच्या गाडीवर.

आणि धूळ आपल्याकडे कमी नाही. चाकण-तळेगाव रस्त्याची आहे, बांधकामांची आहे, पिंपरीपासून भक्ती-शक्ती चौकापर्यंत मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून निगडीकरांना ती वेगळी सांगायला नको. शिवाय लोखंडाची धूळ. ग्राइंडिंग चालतं अशा कंपनीच्या पार्किंगमध्ये पांढरी गाडी रोज उभी राहिली की काही महिन्यांत बारीक तपकिरी ठिपके दिसतात. मालक घाबरतो, पत्र्याला गंज आला म्हणतो. बहुतेक वेळा तो पत्र्याचा गंज नसतो, पेंटमध्ये रुतलेले लोखंडाचे कण गंजलेले असतात. आयर्न रिमूव्हर मारला की ते जांभळे होऊन ओघळतात, उरलेले क्ले बारने निघतात. पॉलिश लागतच नाही. गिऱ्हाइकासमोर हे एकदा करून दाखवा, पुढच्या वेळी दुसऱ्याकडे जायचा नाही तो.

तर धंदा कशाचा करायचा? माझं आजचं मत स्पष्ट आहे : चमक विकू नका, देखभाल विका. पॉलिश हे शेवटचं औषध.

हिशेब मांडू. आकडे समजा म्हणून घेतोय, तुमच्या भागाचा भाव तुम्ही विचारा. ज्या पोराचं मी वर सांगितलं त्याच्याकडे महिन्याला तीन कोटिंगची कामं यायची, पंधरा हजारांची. माल चार हजार, म्हणजे तीन कामांचे तेहतीस हजार राहिले. गाळ्याचं भाडं अठरा, हाताखालच्या पोराचा पगार बारा, वीज-पाणी-जाहिरात धरली की हातात काहीच नाही. ज्या महिन्यात दोनच कामं, तो महिना तोट्यात. शिवाय कोटिंगचं गिऱ्हाईक वर्षा-दोन वर्षांतून एकदा येतं, आणि आलं तर बहुधा तक्रार घेऊन.

आता दुसरी बाजू. सोसायटीत जाऊन महिन्याला चार वॉश, बाराशे रुपये. पंचवीस गाड्या झाल्या तर तीस हजार. एका वॉशला पाऊण तास धरा, महिन्याचे पंचाहत्तर तास. शाम्पू, मायक्रोफायबर, पेट्रोल मिळून सहा हजार गेले तरी चोवीस उरतात, आणि भाडं शून्य. नोकरी सोडायचीही गरज नाही. फर्स्ट शिफ्टवाला चारपर्यंत घरी येतो. सुरुवातीला आठच गाड्या घ्या. आठांचे नऊ हजार सहाशे येतात, तुमचा हात बसतो, आणि पहिल्या तीन महिन्यांत कोण गाडी परत देतो हे कळतं. तो आकडा सगळ्यात महत्त्वाचा. आठातले सहा टिकले तर पुढे जा. तीनच टिकले तर मशीन घ्यायचा विचारही करू नका, आधी वॉश सुधारा.

पाण्याचं मात्र नीट बघा. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी सुरू झालं, ते लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. पाइप लावून गाडी धुणाऱ्याला सोसायटी दारातच अडवेल, आणि बरोबरच आहे. बेंगळुरूमध्ये मार्च २०२४ च्या टंचाईत पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर पाच हजारांचा दंड लावला होता. म्हणून रिनसलेस वॉश शिका : बादलीभर पाण्यात त्याचं लिक्विड, सात-आठ स्वच्छ टॉवेल, टॉवेलची एक घडी एकदाच वापरायची. दहा लिटरमध्ये गाडी होते. चिखलाने माखलेली असेल तर हे चालत नाही, आधी प्रेशरने माती उतरवावीच लागते. पावसाळ्यात त्यासाठी जवळच्या वॉशिंग सेंटरशी बोलून ठेवा. बोअरचं पाणी वापरलं तर उन्हात वाळू देऊ नका. जड पाण्यातले क्षार पांढरे गोल डाग सोडतात, आणि काचेवर तर ते जाता जात नाहीत.

सोसायटीत रोज गाडी पुसणारे काका असतातच. नवीन पोरं पहिली चूक करतात ती त्यांना हटवायची. करू नका. एक तर तो माणूस पहाटे साडेपाचला चाळीस गाड्या पुसून पाच-सातशे रुपये गाडीमागे मिळवतो, त्याच्या पोटावर पाय देऊन तुमचा बोर्ड लागू नये. दुसरं, तुम्ही नसताना सहा दिवस गाडीला हात त्यांचाच लागणार. त्यांना चार चांगले टॉवेल द्या, कोरडी धूळ घासायची नाही एवढं दाखवा, आणि त्यांनी आणलेल्या गिऱ्हाइकामागे ठरलेले पैसे द्या. मी पाहिलंय, सोसायटीत सेक्रेटरीपेक्षा त्यांचा शब्द जास्त चालतो.

सण धरा. दसरा, पाडवा, धनत्रयोदशी. वाहनपूजेच्या आदल्या दिवशी वॉश सगळेच विकतात, तुम्ही दुसऱ्या दिवसाचा विका. बोनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं असतं, नारळाचं पाणी वाळलेलं असतं, झेंडूच्या हाराची दोरी वाऱ्याने घासलेली असते. हळदीचा डाग उन्हात बराचसा उडतो, कुंकवाचा चिकटून बसतो. गिऱ्हाइकाला आधीच सांगा, स्वस्तिक काचेवर काढा. पूजा तीच होते.

यंत्रसामग्रीत मी एकच महाग वस्तू सुचवेन आणि ती पॉलिशर नाही. पेंट थिकनेस गेज घ्या. पत्र्यावर टेकवला की एकूण थर किती मायक्रॉन ते दाखवतो. प्लास्टिकच्या बंपरवर साधा गेज चालत नाही, आणि क्लिअरकोट वेगळा मोजत नाही, हे लक्षात ठेवा. पण एका पॅनेलवर ११० आणि शेजारी २५० आलं तर ते पॅनेल रंगवलेलं आहे. पाचशेच्या वर गेलं तर खाली पुट्टी असण्याची दाट शक्यता. आणि आकडा ऐंशीच्या आसपास आला तर आधी कुणीतरी भरपूर घासलेलं असू शकतं, तिथे मशीन लावायचं नाही. कामाआधी प्रत्येक पॅनेलचा आकडा कागदावर लिहा, गिऱ्हाइकाची सही घ्या. जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी ही तपासणी स्वतंत्र विकता येते, पाणी न लागणारी, अर्ध्या तासाची सेवा.

कोटिंग पुढे करायचंच असेल तर खरं सांगून करा. "नाइन एच" म्हणजे दगडासारखं कडक नव्हे. तो पेन्सिलींच्या कडकपणाचा मापदंड आहे, नाइन एच ही त्यातली सगळ्यात कडक पेन्सिल. कोटिंगने पाणी घसरतं, धूळ लवकर निघते, धुणं सोपं होतं. किल्लीचा ओरखडा किंवा उडालेला खडा ते अडवत नाही, त्यासाठी पीपीएफ असते आणि तिचा खर्च वेगळाच. एवढं ऐकून गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्या.

कागदपत्रं थोडक्यात. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. माणसं मोजकीच असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याखाली फक्त सूचना द्यावी लागते. सेवा धंद्याला वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. मुद्रा कर्जाचा शिशु गट पन्नास हजारांपर्यंतचा आहे. वरच्या पद्धतीने सुरू केलंत तर कदाचित तेवढंही लागणार नाही.

तो पोरगा आता काय करतो? पुन्हा नोकरीला लागलाय, आणि संध्याकाळी प्राधिकरणातल्या दोन सोसायट्यांत अकरा गाड्या सांभाळतो. पॉलिशिंग मशीन त्याने विकलं नाही, पलंगाखाली खोक्यात आहे. मागच्या महिन्यात भंगारातून शंभर रुपयांना एक जुनं बोनेट आणलं आणि टेरेसवर त्यावर सराव करतोय, मुद्दाम कडा जाळून बघतोय की कितीव्या सेकंदाला प्रायमर दिसतो. पुढच्या व्हिडिओत ते बोनेट घेऊन तो आपल्यासोबत बसणार आहे. तुमचे पेंटबद्दलचे प्रश्न त्यालाच विचारू, मला नको.