पन्नास सीसीची पायरी

बारावीचा निकाल लागला की आपल्या शहरात दोन ठिकाणी गर्दी वाढते. एक पेढ्यांच्या दुकानात आणि दुसरी मोटारसायकलींच्या शोरूममध्ये. मुलगा म्हणतो, ‘अब्बा, आता गाडी.’ त्याच्या मनात असते दोनशे सीसीची. बाप म्हणतो, शंभरची घे. मुलगा म्हणतो, ती तर दूधवाल्याची गाडी! आज मला या भांडणात बापाची बाजू घ्यायची आहे. पैसे वाचतात म्हणून नव्हे, त्याचं कारण वेगळं आहे.

हे भांडण आपल्या गावात व्हावं यात नवल नाही. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि तेव्हाचं औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, दुचाकीचं गाव झालं. १९८६ मध्ये बजाजची एम-८० आली आणि कावासाकीच्या साथीनं केबी-१०० आली. एम-८०च्या नावात ऐंशी असले तरी इंजिन चौऱ्याहत्तर सीसीचं होतं. गियर डाव्या मुठीत. क्लच दाबायचा आणि मूठ फिरवायची. आमचे चाचा या गाडीवर वाळूजला शिफ्टला जात. सुटीच्या दिवशी तिच्यावर ज्वारीचं पोतं, गॅसचं सिलिंडर, कधी चाची आणि दोन लेकरं, असा सगळा संसार चाले. आमखास मैदानावर त्यांनी आम्हा भावंडांना हीच गाडी शिकवली. पहिले दोन दिवस अ‍ॅक्सिलेटर पिळायची मनाई. नुसता क्लच हळू सोडायचा आणि गाडी चार पावलं पुढे न्यायची. ‘हौले छोड बेटा, हौले,’ एवढंच ते म्हणत.

त्या ‘हौले’मध्ये सगळी विद्या आहे. इंजिन सतत फिरत असतं, चाक थांबलेलं असतं. फिरणाऱ्याची आणि थांबलेल्याची गाठ ओढाताण न करता घालून देणं हे क्लचचं काम. आत चकत्या असतात. लिव्हर दाबलं की त्या सुट्या होतात, सोडलं की एकमेकींना चिकटतात. या दोहोंच्या मधे बोटभर जागा अशी असते की चकत्या घासत घासत पकड घेतात. मेकॅनिक मंडळी तिला हाफ क्लच म्हणतात. नवशिक्याच्या बोटांना ती जागा सापडली की अर्धं शिक्षण झालं. (गझल लिहिणाऱ्याला मिसऱ्यातलं वजन असंच हाताला लागतं, सांगून कळत नाही.)

आता इथे शंभर आणि दोनशेचा फरक बघा. प्लॅटिनासारख्या शंभर सीसीच्या गाडीची ताकद साधारण आठ हॉर्सपॉवर. पल्सरच्या एनएस-२०० ची चोवीसच्या आसपास. म्हणजे तिप्पट. गाडीचं वजन मात्र तिप्पट नसतं, दीडपटही नसतं. नवशिका घाबरला की क्लच एकदम सोडतो आणि उजवी मूठ घट्ट आवळतो, कारण घाबरलेला माणूस जे हाती लागेल ते आवळतोच. अशा वेळी छोटी गाडी एक झटका देते, फार तर बंद पडते. मोठी गाडी पुढे झेपावते, आणि पुढे रिक्षा असते.

गियरचा आणखी एक गुण उतारावर कळतो. दौलताबादच्या घाटातून खाली येताना गाडी दुसऱ्या गियरमध्ये ठेवली की इंजिनच चाकाला आवरून धरतं आणि ब्रेकवरचा भार कमी होतो. बिनगियरच्या स्कूटरवर हा आधार कमी मिळतो, सगळी मदार ब्रेकवर. मुलाला गियरची गाडी शिकवावी असं मी म्हणतो ते एवढ्यासाठी.

पण शिकवायची कधी? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे गियरची मोटारसायकल अठरा वर्षं पूर्ण झाल्यावरच. सोळा ते अठरा वयाच्या मुलांना पन्नास सीसीपर्यंतची बिनगियरची गाडी पालकांच्या लेखी संमतीनं चालते. कायदा झाला तेव्हा लुना रस्तोरस्ती होती, १९७२ पासून होती. म्हणून ही पायरी कायद्यात आली. आज मोठ्या कंपन्यांच्या शोरूममध्ये पन्नास सीसीची पेट्रोलची गाडी शोधून सापडत नाही. पायरी कागदावर राहिली, जिन्यातून निखळली. सोळा वर्षांचं पोर मग काय करतं? थोरल्या भावाची एकशे दहाची स्कूटर घेऊन क्लासला जातं, आणि घरातले सगळे ते बघत असतात.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर हे बघणं महाग झालं आहे. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. पंचवीस किलोमीटरच्या आत धावणारी आणि अडीचशे वॅटच्या आतली विजेची गाडी मात्र लायसन्सशिवाय चालते. क्लासपुरती ती बरी. गियर तिच्यावर शिकता येत नाहीत.

आणि अठरा पूर्ण झाले की? एकच लायसन्स. त्यावर शंभर सीसीची चालवा नाहीतर साडेसहाशेची. युरोपातल्या बऱ्याच देशांत सोळाव्या वर्षी सव्वाशे सीसीपर्यंतची, अठराव्या वर्षी ताकदीची मर्यादा घातलेली, आणि सर्वांत मोठी थेट हवी असेल तर साधारण चोविसाव्या वर्षी, अशा पायऱ्या आहेत. आपल्याकडे २०२२ मध्ये रस्त्यावर एक लाख ६८ हजारांवर माणसं गेली, त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. असं असताना कायद्यानं गाळलेली पायरी घरानं घालावी, हे मला फार मोठं मागणं वाटत नाही.

म्हणजे काय करावं? पहिलं वर्षभर शंभर-सव्वाशेची गाडी, जुनी असली तरी चालेल. २०१९ नंतरची मिळाली तर उत्तम, कारण तेव्हापासून सव्वाशेपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय तरी सक्तीची झाली आहे. शिकाऊ लायसन्स असेपर्यंत पुढे-मागे लाल ‘एल’ हवा, आणि मागच्या सीटवर शिकवणाऱ्याशिवाय कुणी नको. मित्र तर नकोच नको. हेल्मेट गाडीबरोबरच घ्यावं, ‘पुढच्या महिन्यात’ नव्हे.

वर्षानं दोनशेची घेतली तर एक गोष्ट ध्यानात असू द्या. शंभर सीसीच्या अनेक गाड्यांत सगळे गियर पायानं पुढे दाबत जायचे असतात. मोठ्या गाडीत पहिला खाली आणि पुढचे वर उचलायचे. जुनी सवय घेऊन पाय चौथ्याऐवजी दुसऱ्यावर गेला, तर भर वेगात मागचं चाक आडवं होऊ शकतं. तेव्हा नव्या गाडीवर पुन्हा आठ दिवस मैदानावर जावं, सकाळी, क्रिकेटवाली मुलं यायच्या आत.