देशाटन आणि पंडितमैत्री

प्रवासाहून परतलेल्या मनुष्यास आपण पहिला प्रश्न विचारतो तो "काय काय पाहिलेत?" हा. "कोण कोण भेटले?" असे सहसा कोणी विचारीत नाही. त्यामुळे उत्तरही ठरलेले असते : अमुक किल्ला, तमुक पूल, इतक्या दिवसांत इतकी शहरे. वास्तविक, लहानपणी आपण सर्वांनी देशाटनाची जी जुनी आर्या पाठ केली, तीत देशाटनाच्या शेजारीच पंडितांची मैत्री आणि सभेतला संचार सांगितला आहे. आपण त्यांतले पहिले तेवढे उचलले आणि पुढचे दोन्ही सोडून दिले. आमच्या मते हे तीन निरनिराळे उपाय नाहीत; ते एकमेकांवाचून अपुरे आहेत. परका मुलूख कळावा अशी इच्छा असेल, तर त्याच्या कवींच्या, गायकांच्या, चित्रकारांच्या आणि नाटकवाल्यांच्या दारातून आत शिरावे लागते.

असे का व्हावे? कारण साधे आहे. आपल्या रोजच्या जगण्यातल्या ज्या गोष्टी आपल्याला इतक्या सवयीच्या झालेल्या असतात की त्या दिसेनाशा होतात, त्याच गोष्टी कलावंत पाहतो. वाटाड्या आपल्याला त्या देशाने काय बांधले ते दाखवतो. त्या देशाला काय हवे होते आणि काय मिळाले नाही, हे त्याचा लेखक सांगतो. पाऊस सगळीकडेच पडतो. पण कोणत्या पावसाची वाट पाहायची आणि कोणत्या पावसाला भ्यायचे, हे त्या त्या प्रांताच्या गाण्यांत सापडते.

उदाहरणासाठी फार दूर जावयास नको. ठाकूरद्वारच्या नाक्यावरून गिरगावच्या रस्त्याने उत्तरेकडे थोडे चालत गेले की प्रार्थना समाज लागतो. बसथांब्याचे नाव म्हणून ते आपल्या जिभेवर इतके रुळले आहे की त्या नावामागे एका परप्रांताची ओळख दडली आहे हे ध्यानात येत नाही. 1864 साली बंगालचे केशवचंद्र सेन मुंबईस आले. त्यांच्या व्याख्यानांनी इथली सुशिक्षित मंडळी हलली, आणि 1867 साली डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर प्रभृतींनी प्रार्थना समाज स्थापन केला. शेजारच्या रस्त्याला आज राजा राममोहन रॉय ह्यांचे नाव आहे. बंगाल इथे पोहोचला तो असा, माणसांच्या आणि विचारांच्या पावलांनी.

पुढे 1878 साली ह्याच डॉ. आत्मारामांच्या घरी एक सतरा वर्षांचा बंगाली तरुण काही आठवडे राहावयास आला. त्याचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ हे मुंबई इलाख्यात सनदी नोकरीत होते. धाकट्या भावास विलायतेस पाठविण्यापूर्वी त्याला इंग्रजी संभाषणाची आणि रीतिरिवाजांची सवय व्हावी, म्हणून त्यांनी त्यास ह्या मराठी घरी ठेविले. शिकविण्याचे काम आले डॉक्टरांच्या कन्येकडे, अन्नपूर्णेकडे. ती विलायत पाहून आलेली होती. तिने त्याला इंग्रजी दिले. त्याच्याजवळ देण्यासारखी होती ती कविता, ती त्याने तिला दिली. तिला त्याने 'नलिनी' हे नाव दिले आणि ते गाण्यात गुंफले. तो तरुण म्हणजे रवींद्रनाथ ठाकूर. आयुष्याच्या अखेरीस, 1940 साली लिहिलेल्या 'छेलेबेला' ह्या बालपणाच्या आठवणींतही ते ह्या घराला विसरले नाहीत. मुंबईतल्या कोणत्या इमारती त्यांनी तेव्हा पाहिल्या ह्याला आज महत्त्व नाही. एका घराने त्यांना आपलेसे केले, हे मात्र साठ वर्षांनी त्यांच्या लेखणीतून उतरले.

थोरल्या बंधूंचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. सत्येंद्रनाथ साहेबी नोकरीत होते. बदल्यांच्या निमित्ताने त्यांना मुलूख पुष्कळ दिसला. कचेरीच्या कागदांतून त्यांना जमिनीचे आणि खटल्यांचे महाराष्ट्र कळलेच असेल. परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. ज्या अभंगांवर प्रार्थना समाजाची उपासना उभी होती, ते समजल्यावाचून ही माणसे समजावयाची नाहीत, हे त्यांनी ओळखले होते.

आपल्याकडून गेलेल्या प्रवाशांचेही असेच आहे, आणि त्यांतले काही तर मुंबई न सोडताच तिथे पोहोचले. काशीनाथ रघुनाथ आजगावकर बंगाली शिकले, त्या भाषेतले वाङ्मय त्यांनी मराठीत आणले आणि त्या नात्यातून 'मित्र' हे बंगाली आडनाव धारण केले. 1895 साली निघालेल्या 'मनोरंजन' मासिकाचे हेच ते का. र. मित्र. त्यांनी 1909 साली दिवाळीचा खास अंक काढला. बंगालात दुर्गापूजेच्या सुमारास नियतकालिकांचे विशेष अंक निघतात, आपल्याकडे दिवाळीत; बंगाली घरात पूजेच्या अंकांचा गठ्ठा पाहून मराठी पाहुण्याला आपल्याच घरी आल्यासारखे वाटते ते ह्यामुळेच. पुढे मामा वरेरकरांनी शरच्चंद्र मराठीत आणले, आणि ज्यांनी हावड्याचा पूलही पाहिला नव्हता अशा घरांतून बंगालमधल्या माणसांची सुखदुःखे बोलली जाऊ लागली.

साने गुरुजींचा प्रवास तर सक्तीचा होता. 1930 च्या सत्याग्रहात त्यांना शिक्षा झाली आणि त्रिचनापल्लीच्या तुरुंगात पाठविण्यात आले. तुरुंगाच्या भिंतीतून देश तो काय दिसणार? पण तिथे त्यांना दक्षिणेकडचे सोबती भेटले, त्यांच्या भाषा कानांवर पडल्या, आणि तमिळांचा 'कुरल' गुरुजींनी मराठीत आणला. पुढे त्यांनी जे 'आंतरभारती'चे स्वप्न पाहिले, त्याचे बीज ह्या तुरुंगात होते. एकही देऊळ न पाहता त्यांना तमिळ देश भेटला. आणि आपण मदुरा-रामेश्वर करून येतो तेव्हा तिरुवळ्ळुवर हे नावही कित्येकदा आपल्या कानी पडलेले नसते.

ह्या परंपरेत आमच्या मते सर्वांत मोठा धडा पु. ल. देशपांडे ह्यांनी घालून दिला. गावदेवीत जन्मलेला हा लेखक 1970 साली, वयाची पन्नाशी गाठल्यावर, बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनात जाऊन राहिला. नाव, कीर्ती, मानमरातब सारे पदरी असताना विद्यार्थी होणे सोपे नाही. रवींद्रनाथ इंग्रजीतून वाचता येत होते, मराठीतूनही येत होते. मग हा खटाटोप कशासाठी? कारण रवींद्रनाथांची दोन हजारांवर गाणी आहेत आणि ती बंगाली घराघरांतून, गायक नसलेली माणसेही गातात. ती कानांनी ऐकावयाची, तोंडाने म्हणावयाची. त्या मुक्कामातून 1974 चे 'वंगचित्रे' हे पुस्तक आले. ज्यांना शांतिनिकेतनास जावयाचे आहे त्यांनी ते आधी वाचावे, आणि आल्यावर पुन्हा वाचावे.

तिथे पाहावे तरी काय? 1938 साली रामकिंकर बैज ह्यांनी खडी आणि सिमेंट ह्यांतून घडविलेले संथाळ कुटुंबाचे शिल्प तिथे उघड्यावर उभे आहे. डोक्यावर, खांद्यावर संसार घेऊन निघालेली ही गरीब माणसे पाहिली की आसपासची तांबडी जमीनच उठून चालू लागल्यासारखी वाटते. पौषात मेळा भरतो तेव्हा बाउल गाऊ लागतात. वारीतल्या दिंडीची सवय असलेल्या कानाला त्यांची ओळख पटावयास वेळ लागत नाही. आणि एखाद्या पुस्तकाच्या दुकानातून 'सहज पाठ' हे मुलांचे पहिले पुस्तक विकत घ्यावे. ते 1930 साली रवींद्रनाथांनी लिहिले आणि त्यातील चित्रे नंदलाल बसूंची आहेत. ज्या प्रांतात मूल अक्षरओळख महाकवीच्या शब्दांतून आणि थोर चित्रकाराच्या रेषांतून करून घेते, त्या प्रांताविषयी ते चिमुकले पुस्तक पुष्कळ सांगून जाते.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. कलावंताने दाखविलेला देश हा निवडलेला देश असतो. केवळ रवींद्रनाथांची गाणी ऐकून गेलेला मनुष्य बंगाल म्हणजे आषाढाचे ढग आणि शिउलीची फुले असे समजून चालेल. त्याने चित्तप्रसाद ह्या चित्रकाराची 1943 च्या दुष्काळातील रेखाचित्रे पाहावीत. मेदिनीपूरच्या वाटांवर भुकेने पडलेली माणसे त्याने काळ्या शाईत टिपली आहेत. तोच चित्तप्रसाद पुढे मुंबईत येऊन राहिला. एक कलावंत खोटा आणि दुसरा खरा, असा ह्याचा अर्थ नाही. दोघेही खरे आहेत, म्हणूनच एकावर भागवू नये.

हीच रीत परदेशालाही लागू पडते. शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्डला जाऊन त्याचे जन्मघर पाहावयाचे आणि संध्याकाळी तिथल्या रंगमंदिरात नाटक न पाहताच मोटारीत बसावयाचे, ह्याला काय म्हणावे? घर हे कवीचे सोडलेले वस्त्र. नाटक हा त्याचा देह. आज मराठी माणूस पूर्वी कधी नव्हता इतका जगभर हिंडतो, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. पण डब्यातली चटणी आपली, गाडीतली गाणी आपली, गप्पाही आपल्याच, असे असले म्हणजे देश काचेपलीकडे राहतो.

तेव्हा निघण्यापूर्वी त्या देशाच्या एका लेखकाचे एक पुस्तक, अनुवादातून का होईना, वाचावे. तिथल्या भाषेतले निदान पन्नास शब्द शिकावेत, त्यात "हे गाणे कोणाचे?" हा प्रश्न असावा. एक दिवस पाहण्याच्या यादीतून काढून घ्यावा, आणि जिथे तिथलीच माणसे जमतात असे नाटक, कीर्तन, मैफल काय असेल ते ऐकावे. समजले नाही तरी श्रोत्यांचे चेहरे समजतात. लोक कशाला हसतात आणि कशाला गप्प होतात, हे कळले तरी पुष्कळ झाले.

शेवटी एक गोष्ट आपल्या स्वतःविषयी. उद्या परगावचा कोणी पाहुणा ठाकूरद्वारला उतरला आणि त्याने विचारले, "तुमचे कलावंत कुठे भेटतील?" तर आपण त्याला कुठे नेणार? 3 मे 1913 रोजी फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला तो गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमात. ते थिएटर आता नाही. खटाववाडीत 'मौज'ची कचेरी होती आणि मराठी नवकथेचे कित्येक लेखक तो जिना चढले. केळेवाडीत साहित्य संघ उभा आहे. जुन्या चाळींच्या जागी मनोरे येत आहेत आणि रस्त्याखालून मेट्रो धावते. ह्यात तक्रार करण्यासारखे काही नाही. पण पाहुण्याला दाखवावयाचे ते आधी आपल्याला ठाऊक असले पाहिजे. जो स्वतःच्या वाडीतल्या लेखकाला ओळखत नाही, तो परदेशी जाऊन कोणत्या कवीचे दार ठोठावणार? देशाटनाची तयारी इथूनच, आपल्या नाक्यावरून, सुरू करावी हे बरे.