सागरानें जोडलेले सूर

स्कॉटलंडच्या उत्तरेस, अटलांटिक आणि उत्तर समुद्र यांच्या मध्यें शेटलंड नांवाचा द्वीपसमूह आहे. स्कॉटिश व नॉर्वेजियन लोकसंगीताचें नातें समजून घ्यावयाचें, तर आरंभ येथूनच करावा लागतो. सन १४६९ मध्यें डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पहिला ख्रिस्तियन यानें, कन्येच्या हुंड्याची रक्कम देतां न आल्यामुळें, हीं बेटें स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण ठेविलीं. तें गहाण कधींच सुटलें नाहीं. कालांतरानें तेथील नॉर्न ही नॉर्वेजियन वळणाची भाषाहि लोपली.

दळणवळण मात्र चालूच राहिलें. वृक्षहीन शेटलंडांतील कोळ्यांच्या होड्या एकोणिसाव्या शतकापर्यंत पश्चिम नॉर्वेंतून सुट्या फळ्यांच्या रूपानें येत. त्याच किनाऱ्यावर हार्डांगर फिडल हें वाद्य वाढीस लागलें. त्याच्या चार मुख्य तारांखालीं चार किंवा पांच तरफेच्या तारा असतात आणि सारंगीच्या तरफांप्रमाणें त्या गजाच्या स्पर्शावांचून घुमतात. शेटलंडच्या व्हायोलिनला तरफा नाहींत. पण तेथील जुने वादक गत वाजवितांना शेजारची मोकळी तारहि गजाखालीं घेत. या लकबींत अभ्यासकांना नॉर्वेची छाया दिसते.

दोहोंकडचे वादक एकत्र बसले, कीं अडचण येते ती लयीची. स्कॉटिश 'रील'च्या मात्रा समान व धांवत्या असतात. नॉर्वेच्या कांहीं भागांतील 'स्प्रिंगार' नृत्यांत तीन मात्रा सारख्या लांबीच्या नसतात. त्यांचें प्रमाण नर्तकाच्या पावलांत असतें आणि स्वरलेखनांत तें नीट उतरत नाहीं. तें सहवासानेंच शिकावें लागतें. स्कॉटलंडच्या हायलंड प्रांतांतील सारा-जेन समर्स या वादिकेनें नॉर्वेंत राहून हार्डांगर फिडल आत्मसात केलें, तें याच मार्गानें.

मात्र अशा देवघेवीसाठीं प्रथम स्वतःचें धन शाबूत असावें लागतें. विसाव्या शतकांत शेटलंडच्या कित्येक गती वृद्ध वादकांबरोबरच नाहींशा होऊं लागल्या होत्या. टॉम अँडरसन (१९१०–१९९१) यांनीं विम्याच्या कामानिमित्त गांवोगांव हिंडतांना त्या टिपून घेतल्या, ध्वनिमुद्रित केल्या, आणि १९७० नंतरच्या दशकांत शाळांतील मुलांना शिकविल्या. सन १९८१ पासून तेथें लोकसंगीताचा उत्सव भरूं लागला आणि परदेशच्या वादकांचें येणेंजाणें वाढलें. नॉर्न भाषा गेली ती गेली. परंतु गती वेळींच टिपल्या गेल्या, म्हणून पाहुण्यांसमोर वाजवावयास यजमानांजवळ आपलें कांहीं उरलें आहे.