बाटली महागाची, पण लेबल वाचलेत का?

ऑलिव्ह तेल आणि बाल्सामिक व्हिनेगर आता आपल्याही स्वयंपाकघरात आले आहे. पण किमतीवरून दर्जा ठरवाल, तर फसाल.

इटलीतील मोडेनाचे पारंपरिक बाल्सामिक म्हणजे शिजवून आटवलेला द्राक्षांचा रस, लाकडी पिंपांत किमान १२ वर्षे मुरवलेला. दुकानात सर्रास मिळते ते या रसाचे आणि वाइन व्हिनेगरचे मिश्रण. त्याला ६० दिवसही पुरतात. म्हणून ते टाकाऊ नव्हे! घटकांच्या यादीत द्राक्षरस पहिला असेल तर व्हिनेगर गोडसर व दाट निघते, नाहीतर पातळ आणि आंबट.

तेलाचेही तेच. ‘पोमेस’ हे ऑलिव्हच्या चोथ्यातून द्रावकाने काढून शुद्ध केलेले तेल. तळणीला ते चालेल, पण एक्स्ट्रा व्हर्जिनच्या भावाने मुळीच घेऊ नका. एक्स्ट्रा व्हर्जिन गडद रंगाच्या बाटलीतले घ्या आणि शेगडीपासून दूर ठेवा.

तीन चमचे तेल, एक चमचा व्हिनेगर, मीठ व मिरपूड झाकणाच्या बरणीत घालून जोरात हलवा. टोमॅटो-काकडीवर अगदी वाढतेवेळी ओता. आधी ओतलेत तर पाणी सुटते. पारंपरिक बाल्सामिक हाती लागलेच, तर ते शिजवू नका. चीजवर किंवा स्ट्रॉबेरीवर चार थेंब पुरेत. आणि फोडणीला? तिथे आपले शेंगदाण्याचे तेलच बरे.