मातीचा ट्रॅक, कडेची पाटी

मोखाड्याकडच्या सूर्यमाळच्या पठारावर चढणारा रस्ता जुलैत एक असतो, नोव्हेंबरात दुसरा आणि मे महिन्यात तिसराच. पावसात साइडपट्टी खचते, वरचा मुरूम वाहत डांबरावर येऊन बसतो, आणि पाड्यांकडे फुटणाऱ्या कच्च्या वाटांवर चाकं जागच्या जागी फिरत राहतात. दिवाळीनंतर तोच चिखल वाळून चाकोऱ्या टणक होतात. उन्हाळ्यात त्यांचा फुफाटा उडतो. खोडाळ्याकडचे जीपवाले या तिन्ही रस्त्यांवर गाडी तीन तऱ्हांनी चालवतात.

मातीवरच्या शर्यतींचे व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांना याहून वेगळं काय हवं असतं? गेल्या चाळीस वर्षांत या गेम्सनी फिनलंडचं जंगल, ग्रीसमधले दगड, केनियाची धूळ, वेल्सचा चिखल असं सगळं पडद्यावर आणलं. जव्हार-मोखाड्यासारखा मुलूख मात्र त्यांच्या नकाशावर कधी आला नाही. चुकून राहिला असंही नाही. या गेम्सचा इतिहास उलगडून पाहिला की एक गोष्ट ध्यानात येते: कुठली माती गेममध्ये शिरणार हे पुष्कळदा ट्रॅकच्या कडेला कुणाची पाटी लागणार यावर ठरलं.

मातीवरची सुरुवात मात्र बिनपाटीची होती. १९८४ साली निन्टेन्डोचा 'एक्साइटबाइक' आला, शिगेरू मियामोतोंच्या हातचा. बाजूने दिसणारी मोटरसायकल, उंचवटे, मधे चिखलाचे पट्टे. फार रेस दिली की इंजिन तापून गाडी बंद. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे नकली गेम-संच घरोघरी आले, त्यांच्या 'शेकडो गेम एकात' म्हणणाऱ्या कॅसेटींमधून पुष्कळांनी हा गेम नाव न कळताच खेळला. त्यात ट्रॅक स्वतः रचायची सोय होती. उंचवटे निवडायचे, हवे तिथे मांडायचे आणि पळवायचं. ट्रॅकची विविधता खेळणाऱ्याच्या हाती, तीही फुकट. पुढच्या काळात ही गोष्ट किती महाग झाली ते पाहता हा आरंभ नवलाचा वाटतो.

पाटी आली ती डांबरावरून. नामकोच्या १९८२ सालच्या 'पोल पोझिशन'मध्ये शर्यतीच्या कडेला खऱ्या कंपन्यांचे फलक उभे होते, आणि अमेरिकेसाठी आवृत्ती निघाली तेव्हा त्यांतले काही बदलले गेले. ट्रॅक तोच, पाट्या वेगळ्या. म्हणजे चित्रातली पाटीही मुलूख पाहून बदलायची असते, हे धंद्याला पहिल्या दोन-चार वर्षांतच उमगलं होतं.

मातीवर ही गोष्ट खरी रुजवली सेगाने. १९९४ साली आर्केडमध्ये उतरलेल्या 'सेगा रॅली चॅम्पियनशिप'मध्ये वाळवंट, जंगल, डोंगर असे ट्रॅक होते, आणि तिन्ही पार करून पहिले आलात की तळ्याकाठचा चौथा उघडे. डांबरावरून खडीवर आलात की गाडीची पकड बदले, मागची बाजू सरके. रस्त्याचा पोत हाताला कळतो, ही जाणीव या गेमने दिली. त्यातली टोयोटा सेलिका कॅस्ट्रॉलच्या रंगांत होती आणि लान्चिया डेल्टा मार्टिनीच्या. एक इंजिन ऑइल, दुसरी इटालियन दारू. आणि खरं सांगायचं तर त्या स्टिकरांवाचून त्या गाड्या ओळखूही आल्या नसत्या. रॅलीची गाडी ही जाहिरातींनीच रंगलेली असते. ती कोरी दाखवली असती तर खोटी वाटली असती. इथे जाहिरात खेळाच्या आड आली नाही, उलट तिने खेळाला खरेपणा दिला. पुढे या धंद्याने प्रत्येक वेळी हाच युक्तिवाद केला, आणि दर वेळी तो थोडा कमी खरा होता.

आपल्याकडच्या सायबर कॅफेत त्या काळी शर्यतीचे दोन गेम बहुधा असत. 'रोड रॅश' डांबरी, म्हणून तो इथे बाजूला ठेवू. दुसरा १९९८चा 'मोटोक्रॉस मॅडनेस', रेनबो स्टुडिओजने मायक्रोसॉफ्टसाठी केलेला. त्यात शर्यत जिंकण्यात कुणाला फारसा रस नसे. उघड्या माळावरून गाडी थेट क्षितिजाकडे न्यायची, शेवटचा कडा चढायचा, आणि वर पोचलात की कुणीतरी गोफणीतून भिरकवावं तशी मोटरसायकल मैदानात परत फेकली जायची. मैदानाची हद्द संपली, एवढंच ते सांगणं. पण हद्द दाखवायची इतकी मजेदार तऱ्हा नंतर कुणाला सुचली नाही. आता त्या जागी अदृश्य भिंत असते, किंवा 'विकत घ्या' अशी चौकट.

त्याच वर्षी ब्रिटनच्या कोडमास्टर्सने 'कॉलिन मॅक्रे रॅली' आणला. मॅक्रे १९९५चा जगज्जेता, सुबारू इम्प्रेझा चालवणारा. गेममध्ये शेजारी बसून वळणं वाचून दाखवणारा आवाज त्याचा खरा सहचालक निकी ग्रिस्टचा. ठिकाणं आठ: न्यूझीलंड, ग्रीस, मोंटे कार्लो, ऑस्ट्रेलिया, स्वीडन, कोर्सिका, ब्रिटन आणि इंडोनेशिया. शेवटचं नाव आपल्या कामाचं. पावसाळी, झाडीतली, चिकट आशियाई माती त्या यादीत बसली, कारण १९९६ आणि ९७ साली जागतिक रॅलीची एक फेरी इंडोनेशियात झाली होती. स्पर्धा तिथे गेली, प्रायोजक गेले, मागोमाग गेमही गेला. भारतात ती फेरी कधी झालीच नाही. मुंबईच्या नाझिर हुसेन यांनी १९८०मध्ये हिमालयन रॅली सुरू केली, परदेशी चालकही तिला आले; पण ती नव्वदच्या सुमारास आटोपली, 'सेगा रॅली' यायच्याही आधी. आपली वेळ चुकली, ती अशी.

पुढचा काळ कोडमास्टर्सच्याच 'डर्ट' या मालिकेचा. २००७ साली पहिला आला आणि त्याच सप्टेंबरात मॅक्रे हेलिकॉप्टर अपघातात गेला. २००९च्या दुसऱ्या भागापासून सूर बदलला. वेल्सचं धुकं मागे पडलं. मोरोक्को, मलेशिया, चीन, युटा अशी ठिकाणं सणासारखी सजून आली, आणि केन ब्लॉक हा अमेरिकन गडी पुढे आला. तो चालक होताच, शिवाय 'डीसी शूज' या बुटांच्या कंपनीचा एक संस्थापक. २०११च्या 'डर्ट ३'मध्ये लंडनच्या बॅटरसी वीजघराच्या आवारात गोल गोल गाडी फिरवायचं एक मैदान होतं, त्याचं नाव 'डीसी कंपाउंड'. कडेची पाटी राहिली बाजूला, मैदानालाच बुटांच्या कंपनीचं नाव.

तोवर पाट्या इंटरनेटवरून बदलू लागल्या होत्या. मायक्रोसॉफ्टने २००६मध्ये 'मॅसिव्ह' ही कंपनी घेतली, तिचं काम हेच: गेम विकून झाल्यावरही त्यातल्या फलकांवर नवनव्या जाहिराती पाठवायच्या. २००८च्या ऑक्टोबरात 'बर्नआउट पॅराडाइज'च्या रस्त्यांवर बराक ओबामांचे निवडणूक फलक लागले, तेही ज्या राज्यांत लढत चुरशीची होती तिथल्या खेळाडूंनाच दिसतील असे. आपल्याकडचा 'भावी आमदार' अजून चौकातल्या फ्लेक्सवर होता. २०१०मध्ये 'मॅसिव्ह' बंद झाली. ताशी दोनशेच्या वेगात कडेची पाटी वाचतो कोण, हा साधा प्रश्न तेव्हाही होता.

याच २०१०च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या रिलायन्स बिग एंटरटेन्मेंटने कोडमास्टर्सचा निम्मा हिस्सा घेतला. २००६पासून 'झपाक' हे जाहिरातींवर चालणाऱ्या छोट्या गेम्सचं संकेतस्थळ चालवणारा समूहही तोच. म्हणजे 'डर्ट ३' बाजारात आला तेव्हा त्याची निम्मी मालकी मुंबईची. पुढे कोडमास्टर्सचा स्टुडिओ पुण्यातही होता, आणि तिथे या गेम्सचं कलाकाम होई. मला या सगळ्या इतिहासात खटकते ती ही जागा. पैसा मुंबईचा, हात पुण्याचे, आणि सह्याद्री पुण्याच्या खिडकीतून दिसतो. रंगवायचं मात्र फिनलंड. यात पुण्यातल्या कलाकारांचा दोष नाही. ट्रॅकची यादी वॉरिकशायरमध्ये ठरे, आणि तिथे ती रॅलीच्या वेळापत्रकावरून व युरोप-अमेरिकेतल्या खपावरून ठरे.

विविधतेवर यंत्राचा उपायही करून झाला. २०१७च्या 'डर्ट ४'मध्ये लांबी सांगा, अवघडपणा सांगा, रस्ता आपोआप तयार. कल्पना चांगली, पण थोडे दिवस खेळलं की तीच वळणं पुन्हा भेटत. वेल्स, स्पेन, स्वीडन, मिशिगन, ऑस्ट्रेलिया या पाचांपलीकडची माती त्या यंत्राला ठाऊकच नव्हती. २०२०च्या 'डर्ट ५'मध्ये नेपाळ आला. शेजारपर्यंत आले, एवढंच म्हणू.

पण सूर्यमाळच्या पोरांपर्यंत यातलं काहीच पोचलं नव्हतं. त्या गेम्ससाठी लागणारा कन्सोल किंवा संगणक इथे कोणाकडे असणार? इथे मातीची शर्यत आली ती साध्या अँड्रॉइड फोनवरून, आणि ती होती 'हिल क्लाइंब रेसिंग'. फिनलंडच्या औलू शहरातल्या फिंगरसॉफ्टने २०१२ साली आणलेली. नेटशिवाय चालते, रेंजसाठी टेकाड गाठावं लागणाऱ्या गावांत हा गुण सगळ्यांत मोठा. लाल जीप, टोपीवाला बिल, डावीकडे ब्रेक, उजवीकडे रेस. चढावर रेस दाबून धरली की पुढची चाकं उचलतात, जीप मागे कलंडते, बिलचं डोकं जमिनीला लागतं आणि खेळ खलास. पेट्रोलचा डबा वेळेत गाठला नाही तरी खलास. बंद दुकानाच्या पायरीवर एका फोनभोवती चार डोकी, आणि ज्याच्या हाती फोन नाही तोच ओरडतो, "रेस सोड, रेस सोड, उलटशील!" चढावर रेस किती द्यायची आणि माथ्यावर कधी सोडायची, हे शहाणपण इथल्या जीपवाल्यांचं आहे. त्यामुळेच कुठल्याही देशाचं नाव नसलेला हा सपाट, चित्रातला डोंगर पोरांना आपला वाटला असावा.

आता ट्रॅक पाहा. पहिला 'कंट्रीसाइड' फुकट. पुढचे वाळवंट, बर्फ, चंद्र, मंगळ असे कितीतरी, पण कुलपात. कुलूप उघडायला नाणी लागतात. नाणी रस्त्यात वेचायची, नाहीतर पैसे देऊन घ्यायची, नाहीतर एक जाहिरात बघायची. 'सेगा रॅली'त जाहिरात गाडीवर होती, 'डर्ट ३'मध्ये मैदानाच्या नावात. इथे ती ट्रॅकच्या दारात येऊन बसली. दुसरी माती पाहायची तर आधी तिला बघा. फुकट खेळायला मिळतो त्याचं मोल कुठेतरी चुकवायचंच, हे मान्य. पण फोनवरच्या अशा फुकट गेम्समध्ये मधेच येणाऱ्या जाहिराती कसल्या असत? झटपट कर्जाच्या, आणि रमीच्या. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केला, तोवर दहा वर्षांच्या पोराच्या हातातही त्या बिनदिक्कत येत होत्या. इंजिन ऑइलचं स्टिकर आणि हे, दोन्हींना जाहिरात हा एकच शब्द लावायचा म्हणजे कमालच आहे.

सगळीच कथा अशी कडू नाही. २०१७ला मालेओ या कंपनीचा 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' आला. पुन्हा इंडोनेशियाच. त्यात बसला आपण केलेला रंग चढवता येतो. मराठी पोरांनी काय करावं? लालपरी रंगवली. एसटीचं बोधचिन्ह, लाल पत्रा, पुढच्या काचेवर हव्या त्या गावाची पाटी. आणि नारळी-केळींतून जाणारे ते वळणाचे रस्ते कोकणचेच वाटू लागले. एसटी महामंडळाने एक रुपया न देता झालेली ही जाहिरात. चाळीस वर्षांच्या या हिशेबात खेळणाऱ्याने स्वखुशीने लावलेली पाटी मला ही एवढीच सापडते, आणि ती सगळ्यांत देखणी आहे.

खऱ्या मातीवर तोवर आपल्याकडे बरंच घडलं. डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली, आणि घाटांच्या दोन्ही अंगांना पुन्हा शुभेच्छुकांचे फलक दाटले. जानेवारी २०२४ला पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात माती पसरून इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. लीगच्या नावाआधीच 'सिएट' हे टायर कंपनीचं नाव. म्हणजे माती आहे, शर्यत आहे, पाटी लावायला उत्सुक माणसंही आहेत. प्रायोजक मिळत नाही ही सबब आता चालायची नाही.

तिकडे कोडमास्टर्स २०२१मध्ये ईए (इलेक्ट्रॉनिक आर्ट्स) या गेम-कंपनीने सुमारे १२० कोटी डॉलरना घेतली. २०२३ला त्यांनी जागतिक रॅलीचा अधिकृत गेम काढला, आणि २०२५मध्ये ते काम थांबवल्याचं जाहीर केलं. 'कॉलिन मॅक्रे'पासून चालत आलेली सत्तावीस वर्षांची रॅलीची वाट तिथे अडली. मोठ्यांनी जागा सोडली आहे.

म्हणून हे पुण्या-मुंबईत गेम बनवणाऱ्यांसाठी. तुमच्यातल्या काहींनी परक्या मुलखांची माती वर्षानुवर्षं रंगवली आहे, हात तयार आहेत. एकदा जुलैत आणि एकदा डिसेंबरात खोडाळ्याहून सूर्यमाळला या, देवबांधच्या बाजूलाही उतरा, रस्त्याचे फोटो घ्या, जीपवाल्यांशेजारी बसून वळणं ऐका. खर्च भागवायला पाट्या लावाव्या लागतील, तर टायरच्या लावा, ट्रॅक्टरच्या लावा, खोडाळ्याच्या बाजारातल्या किराणा दुकानाचीही लावा. फक्त त्या रस्त्याच्या कडेला लावा, आणि ट्रॅक पहिल्यापासून सगळे उघडे ठेवा.