खाऱ्या समुद्रातल्या गोड विहिरी

हिंगोली जिल्ह्यातल्या साखऱ्यासारख्या गावात सहलीचा विषय निघतो तो सोयाबीन घरात आल्यावर. तूर अजून उभी असते, हळद जमिनीत असते आणि मधल्या मोकळ्या दिवसांत शेगाव, पंढरपूर, तुळजापूर, फार तर कोल्हापूर असा बेत ठरतो. कुणी समुद्राचं नाव काढलंच, तर ‘लांब पडतं’ म्हणून विषय तिथेच संपतो. लांब पडतं हे खरंच आहे. सेनगाव तालुक्यातून निघून सोलापूर, कोल्हापूर करत घाट उतरायचा, म्हणजे महाराष्ट्र जवळजवळ आडवा कापायचा.

एवढ्या लांब जाऊन बघायचं काय, तर पाणी. आणि पाण्याची ओढाताण पाहिलेल्या माणसाने बघावं असं पाणी मालवणला आहे. भर समुद्रात खडकाचं एक बेट, चारी बाजूंना खारं पाणी, आणि त्या बेटावर गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशी त्यांची नावं. त्यांच्याभोवती शिवाजी महाराजांनी अख्खा किल्ला उभा केला, तो सिंधुदुर्ग.

मालवण हे तसं लहान गाव. अरुंद रस्ते, कौलारू घरं, माडांच्या वाड्या, बाजारपेठ ओलांडली की थेट जेटी. जेटीवर उभं राहिलं की समोर किल्ल्याची काळी तटबंदी दिसते आणि तिथवर होडी दहा-पंधरा मिनिटांत पोचते. बेटाचं जुनं नाव कुरटे. 25 नोव्हेंबर 1664 रोजी किल्ल्याच्या बांधकामाला सुरुवात झाली. त्याआधी किनाऱ्यावरच्या एका खडकावर गणेशपूजन झालं. ‘मोरयाचा धोंडा’ म्हणून तो खडक आजही दाखवतात. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली तीनेक वर्षांत काम उरकलं. बेट 48 एकरांच्या आसपास, तटाचा वेढा तीनेक किलोमीटरचा, भिंत सुमारे तीस फूट उंच आणि बारा फूट रुंद. पाया पक्का व्हावा म्हणून दगडांच्या सांध्यांत शिसं ओतलं, असं सांगितलं जातं.

होडी किल्ल्याच्या जवळ येते तरी दरवाजा दिसत नाही. दोन बुरूज एकमेकांना बिलगल्यासारखे पुढे आलेले आणि दरवाजा त्यांच्या आडोशाला वळणात दडवलेला. आत शिरताच उजवी-डावीकडे घरं दिसतात. काही कुटुंबं पिढ्यान् पिढ्या किल्ल्यातच राहत आली आहेत. पुढे शिवराजेश्वराचं मंदिर लागतं. छत्रपती राजाराम महाराजांनी 1695 मध्ये वडिलांच्या नावे हे मंदिर बांधलं. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा म्हणून जपलेला चुन्यातला ठसाही तटाशी छोट्या घुमट्यांखाली आहे. बहुतेक पर्यटक इथे हात जोडतात, फोटो काढतात आणि परतीच्या होडीची वेळ झाली म्हणून घाई करतात. विहिरींपाशी मात्र गर्दी क्वचितच रेंगाळते.

खरं तर रेंगाळायचं ते इथेच. तटावर लाटांचे तुषार उडत असतात, वारा खारट असतो, ओठांवर मीठ जाणवतं आणि काही पावलांवरच्या विहिरीत गोडं पाणी असतं. यात चमत्कार नाही, साधं वजनाचं गणित आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे ते गोड्या पाण्यापेक्षा थोडं जड असतं. बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर, वरणावर तुपाचा थर राहावा तसा, तरंगून राहतो. कोकणात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, हिंगोलीच्या तिपटीहून अधिक. त्यामुळे हा थर दर पावसाळ्यात भरून निघतो.

या थराची खोली कशी ठरते, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास नेदरलँड्सचे बादोन घैबेन आणि जर्मनीचे हर्झबर्ग यांनी आपापल्या अभ्यासातून मांडलं. समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी एक फूट असेल, तर पातळीच्या खाली ते साधारण चाळीस फूट असतं. हाच हिशेब उलटाही चालतो. उपसा करून वरची पातळी एक फुटाने उतरवली, की खालून खारं पाणी चाळीस फूट वर सरकू पाहतं. प्रत्यक्ष खडकातल्या भेगांप्रमाणे आकडे बदलतात, पण नियम तोच. मराठवाड्यात बोअरने जास्त उपसा केला तर पाणी आटतं. बेटावर ते आटण्याआधीच खारट होतं आणि मग विहीर भरलेली असूनही घशाला कोरड पडते.

शिवकाळातल्या माणसांना चाळीस फुटांचं सूत्र ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण वेढ्यात किल्ला तगतो तो पाण्यावर, आणि जागा निवडताना पाणी बघायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुढे 1765 मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असं नाव दिलं. ते नाव टिकलं नाही. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी यांच्यासोबत सिंधुदुर्गही आहे.

लहानसं किनारी गाव, समोर बेट आणि बेटावर किल्ला, अशा जोड्या जगात आणखीही आहेत. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर मार्स्ट्रँड हे असंच ठिकाण. 1658 च्या तहात हा मुलूख स्वीडनकडे आला आणि तो राखण्यासाठी मार्स्ट्रँडच्या बेटावर कार्लस्टेन किल्ल्याचं काम सुरू झालं. म्हणजे सिंधुदुर्गाच्या पायाभरणीला जेमतेम सहा वर्षं उरली होती तेव्हा. सक्तमजुरीच्या कैद्यांकडून तो बांधवून घेतला. आज तिथे पर्यटक आपली मोटार अलीकडच्या किनाऱ्यावर ठेवतो आणि काही मिनिटांच्या फेरीबोटीने पायीच बेटावर उतरतो. उत्तरेला नॉर्वेच्या हद्दीजवळच्या कोस्टर बेटांवरही पर्यटकांच्या मोटारींना जागा नाही, चालायचं नाहीतर सायकल घ्यायची. त्या बेटांभोवतीच्या समुद्राला 2009 मध्ये स्वीडनचं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर केलं गेलं.

मार्स्ट्रँडचा इतिहास मालवणच्या माणसाने ऐकावा असा आहे. अठराव्या शतकात या किनाऱ्यावर हेरिंग माशांचे अफाट थवे येत. मासळी, तेल, व्यापार यांनी गावं भरभराटीला आली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेरिंग येईनासे झाले आणि सगळं ओसरलं. पुढे समुद्रस्नानासाठी येणारे श्रीमंत पाहुणे हाच या गावाचा आधार झाला. मालवणात मासळी संपलेली नाही, पण पाहुण्यांवरची भिस्त वाढते आहे हे गावात फिरताना दिसतं. घराघरावर ‘होम स्टे’च्या पाट्या आहेत आणि अनेक होड्यांवर जाळ्यांऐवजी लाइफ जॅकेटं टांगलेली आहेत.

तरी पहाटे दांडीच्या किनाऱ्यावर गेलं तर जुनं मालवण भेटतं. रापण लागलेली असेल तर नशीबच. होडीतून मोठ्या अर्धगोलात जाळं टाकतात आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून ओढतात. तीस-चाळीस माणसं दोरीला असतात, पाय वाळूत रुतवून मागे सरकत राहतात. जाळं जवळ आलं की पाण्यात चांदीसारखी चुळबुळ दिसू लागते. तारली, पेडवे, बांगडे, कधी नुसता केर. मिळालेल्या मासळीचे वाटे ठरलेल्या रिवाजाने पडतात. यांत्रिक पर्ससीन जाळ्यांनी थवेच्या थवे खोल पाण्यातच उचलले जातात, ही रापणकारांची जुनी तक्रार. राज्य सरकारने 2016 मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, पण वाद मिटलेला नाही.

किल्ल्याभोवतीच्या पाण्यातही बघण्यासारखं पुष्कळ आहे. 1987 मध्ये इथला 29.12 चौरस किलोमीटरचा पट्टा मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. सिंधुदुर्ग आणि जवळचा पद्मगड त्याच्या गाभ्यात येतात. खडकांना चिकटलेले प्रवाळ आणि त्यांच्या आसऱ्याने राहणारे रंगीत मासे पाहायला लोक स्नॉर्केलिंग, स्कूबा करतात. प्रवाळ हा दगड नसून जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. त्यावर पाय ठेवला किंवा होडीचा नांगर पडला तर तुटलेला भाग भरून यायला वर्षं लागतात. जवळच तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे पोहता न येणाऱ्यालाही रीतसर शिकवून पाण्यात नेतात. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. त्यामुळे लाइफ जॅकेट न देणाऱ्या किंवा माणसं कोंबणाऱ्या होडीत पाय ठेवू नये, मग दर कितीही स्वस्त असो.

तारकर्लीहून पुढे देवबागला जमिनीची पट्टी इतकी अरुंद होते की एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी. नदी समुद्राला मिळते तिथला वाळूचा उंचवटा ‘त्सुनामी आयलंड’ म्हणून ओळखला जातो. भरती-ओहोटीप्रमाणे तो वर येतो आणि बुडतो. स्वीडनच्या त्या किनाऱ्यावर भरतीचा फरक वीतभर असतो. इथे तो मोठ्या भरतीला दोन मीटरच्या पुढे जातो. विहिरीची पातळी पाहून बेत करणाऱ्या माणसाला इथे घड्याळाबरोबर समुद्रही विचारावा लागतो. स्थानिक होडीवाला ‘आता सुकती आसा’, म्हणजे ओहोटी आहे, असं म्हणाला, तर त्याचं ऐकावं.

जेवणाचं काय, हा प्रश्न मराठवाड्यातून निघताना हटकून येतो. मासे खाणाऱ्याने तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी चुकवू नये. माळकरी मंडळींची अडचण होत नाही. काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी, घावन आणि नारळाची चटणी, नाहीतर नारळाचा रस घातलेल्या शिरवाळ्या हे सारं घरगुती खाणावळीत आदल्या दिवशी सांगितलं की मिळतं. परतताना आलं-गुळाच्या पाकातला मालवणी खाजा घ्यावा, तो प्रवासात टिकतो.

आता जाण्याविषयी. मालवणला रेल्वे नाही. जवळची स्थानकं कुडाळ, सिंधुदुर्गनगरी आणि कणकवली. हिंगोलीकरांना सोयीची पडते ती अकोल्यावरून जाणारी नागपूर–मडगाव गाडी. ती रोज नसते, त्यामुळे वार आणि आरक्षण आधी पाहून ठेवावं. कुडाळहून मालवण तीसेक किलोमीटर आहे, एसटी आणि रिक्षा दोन्ही मिळतात. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात. नारळी पौर्णिमेला मालवणात मानाचा नारळ समुद्राला अर्पण करतात आणि त्यानंतर किनारा हळूहळू जागा होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. नाताळ आणि नववर्षाचा आठवडा टाळला तर राहण्याचे दरही आवाक्यात येतात आणि गावावरचा ताणही कमी होतो.

किल्ल्यासाठी होडीवाले ठरावीक वेळ देतात, ती पुरत नाही. सकाळची पहिली होडी धरावी आणि जास्त थांबायचं आहे हे आधीच बोलून घ्यावं. पिण्याचं पाणी गावातूनच भरून न्यावं आणि रिकामी बाटली परत आणावी. बेटावरच्या तीन विहिरींचं पाणी तिथे राहणाऱ्यांसाठी आहे. पाहुण्याने ते डोळे भरून पाहावं, उपसू नये.