‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ : दुकानावर बसणाऱ्या मुलाने काय सांगावे?

अमरावतीच्या इतवारा बाजारात किंवा अकोल्याच्या ताजनापेठेत सकाळी अकराच्या सुमारास एक चक्कर मारा. गल्ल्यावर वडील बसलेले असतात आणि काउंटरवर मुलगा उभा असतो. मुलगा बी. कॉम. झालेला असतो, कधी आय.टी.आय. केलेला असतो. त्याला सहज विचारा, ‘‘काय करतोस रे बाबा?’’ उत्तर ठरलेले आहे : ‘‘काही नाही चाचा, दुकानावर बसतो.’’

हेच ‘काही नाही’ पुढे नागपूर-पुण्याच्या मुलाखतीत त्याच्या तोंडून इंग्रजीत बाहेर पडते. ‘‘नथिंग सर, जस्ट सिटिंग इन फादर्स शॉप.’’ समोरचा साहेब कागदावर रेघ मारतो आणि पुढच्या उमेदवाराला हाक जाते.

आता हा मुलगा सहा वर्षे नुसता बसला होता काय? ट्रान्सपोर्टमधून माल सोडवून आणणे, बिल्टीशी नग ताडून पाहणे, फुटका माल कंपनीला परत पाठवणे, खेड्यातील गिऱ्हाइकांची उधारी गोड बोलून वसूल करणे, जी.एस.टी.चे आकडे महिन्याच्या महिन्याला सी.ए.कडे पोहोचवणे, रमजानच्या सीझनला दोन पोरे हाताशी घेऊन चांदरातीपर्यंत गर्दी सांभाळणे, हे सर्व तो करत होता. मोठ्या कंपनीत याच कामांना स्टोअर, अकाउंट्स, रिकव्हरी आणि सेल्स अशी चार खाती असतात. आमचा मुलगा चारही खाती एकटा सांभाळतो आणि स्वतःला बेकार म्हणवून घेतो!

या बाबतीत मी कोणाला नावे ठेवणार नाही, कारण १९९४ साली मीही हेच केले. नागपुरात एका ठिकाणी मुलाखत होती. ‘‘एनी एक्स्पीरियन्स?’’ असे विचारल्यावर, वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात सात वर्षे काढलेला मी ‘‘नो सर’’ म्हणून मोकळा झालो. ज्याला ती जागा मिळाली त्याने कोणाच्या तरी दुकानात सहा महिने काम केले होते, आणि ते त्याने सांगितले होते.

शब्द आहेत, क्रियापदे नाहीत

इंग्रजीला घाबरण्याचे आपल्याला खरे तर फारसे कारण नाही. वऱ्हाडच्या बाजारात इंग्रजी शब्द कापसाबरोबर आले. १८७० च्या मार्च महिन्यात व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी खामगावच्या रेल्वेचे आणि कापूस बाजाराचे उद्घाटन केले. त्या काळापासून विलायती कंपन्यांची खरेदी इथे होत आली आणि जिन, प्रेस, सॅम्पल हे शब्द शाळेचे तोंड न पाहिलेल्या हमालाच्याही जिभेवर बसले. आज रेट, पार्टी, पेमेंट, डिलिव्हरी, स्टॉक, ऑर्डर, डिस्काउंट, चेक बाउन्स यांच्याशिवाय आपल्या दुकानातील एक तासही जात नाही. म्हणजे नामे आपल्याकडे भरपूर आहेत. अडते ते क्रियापदाशी. ‘स्टॉक’ येतो, पण स्टॉकचे आपण काय करतो हे सांगता येत नाही.

म्हणून पाठ करायची तर आधी दहा-बारा क्रियापदे पाठ करावीत. हँडल, मेंटेन, चेक, कलेक्ट, रिपेअर, फिट, मेझर, कट, डिलिव्हर, ट्रेन. यांच्यापुढे आपलेच नाम जोडले की वाक्य तयार. ‘‘आय मेंटेन द स्टॉक रजिस्टर.’’ ‘‘आय कलेक्ट पेमेंट्स फ्रॉम फोर्टी कस्टमर्स.’’ ‘‘आय चेक द गुड्स अगेन्स्ट द बिल.’’ तर्खडकरांची पाठमाला गिरवलेल्या आपल्या आजोबांना हे व्याकरण पुरत होते. नंतर कपिलदेवच्या जाहिरातीतले रॅपिडेक्स घरोघर आले, त्यातही शेवटी असलीच वाक्ये होती. फरक एवढाच की पुस्तकातले वाक्य दुसऱ्याचे असते. चाळीस गिऱ्हाइके ही तुमची आहेत, त्यामुळे पुढचा प्रश्न आला तरी जीभ अडखळत नाही.

आकडा मात्र खरा सांगावा. ‘‘कोणत्या चाळीस? खेड्यातली किती?’’ असे विचारणारा साहेब भेटतोच.

आपलीच टिमकी?

एक अडचण भाषेची नाही, संस्कारांची आहे. आपल्या घरात लहानपणापासून शिकवतात की स्वतःची तारीफ करू नये. मराठीत त्याला आपलीच टिमकी वाजवणे म्हणतात, आणि आपल्याकडची आजी ‘अपने मुँह मियाँ मिठ्ठू’ म्हणून पोराला गप्प करते. तोच पोरगा मुलाखतीला बसतो तेव्हा ‘आय ॲम हार्डवर्किंग, ऑनेस्ट अँड पंक्च्युअल’ हे कोचिंग क्लासचे वाक्य त्याच्या घशातून निघत नाही. निघाले तरी त्याचा उपयोग नाही, कारण बाहेर बाकावर बसलेले बाराही जण तेच म्हणणार असतात.

यावर माझा उपाय असा की गुणाचे नाव घेऊ नये, काम सांगावे. ‘मी प्रामाणिक आहे’ म्हणण्याऐवजी, ‘‘आय डिपॉझिट द शॉप कॅश इन द बँक एव्हरी डे.’’ ‘मी वक्तशीर आहे’ म्हणण्याऐवजी, ‘‘आय ओपन द शॉप ॲट नाइन थर्टी.’’ यात टिमकी नाही, आणि ऐकणाऱ्याला जे कळायचे ते कळते.

कारागीर बंधूंना तर हे फारच सोपे आहे, कारण त्यांचे काम डोळ्यांना दिसते. शिंप्याने म्हणावे, ‘‘आय टेक मेझरमेंट्स, कट द क्लॉथ अँड स्टिच फोर शर्ट्स अ डे.’’ गॅरेजमधल्या मुलाने म्हणावे, ‘‘आय रिपेअर टू-व्हीलर्स. आय कॅन ओपन अँड फिट अ कम्प्लीट इंजिन.’’ वेल्डरने, ‘‘आय डू आर्क अँड गॅस वेल्डिंग. आय कॅन रीड सिंपल ड्रॉइंग्ज.’’ ड्रॉइंग वाचता येत नसेल तर हे वाक्य गाळावे, कारण तिथेच कागद पुढे सरकवला जातो. घरी शिवणकाम करणाऱ्या आपल्या भगिनींचे तर विशेषच नवल वाटते. तीन बायका हाताखाली घेऊन शाळेचे गणवेश वेळेवर शिवून देणारी बाईसुद्धा ‘हाउसवाइफ’ म्हणून थांबते. ‘‘आय रन अ स्टिचिंग युनिट फ्रॉम होम. थ्री वुमेन वर्क विथ मी.’’ असे तिने बेधडक सांगावे.

नेहमीच्या चुका

‘‘मायसेल्फ अमुक अमुक’’ ही आपल्या भागातली सर्वात जुनी चूक. ‘‘आय ॲम’’ म्हणावे किंवा ‘‘माय नेम इज’’ म्हणावे. ‘‘आय ॲम बिलाँग टु अकोला’’ नको, ‘‘आय ॲम फ्रॉम अकोला’’ पुरे. ‘‘आय ॲम पासआउट’’ म्हणू नये, इंग्रजीत त्याचा अर्थ बेशुद्ध पडणे असाही होतो. ‘‘आय पास्ड बी. कॉम. इन २०२१’’ म्हणावे. वडील हयात नसतील तर ‘‘माय फादर इज एक्स्पायर्ड’’ असे म्हणतात ते कानाला बरे वाटत नाही. औषध एक्स्पायर होते. माणसाबद्दल ‘‘माय फादर पास्ड अवे’’ असे म्हणावे.

‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांचा घोळ मात्र शिकलेलेही करतात. ‘‘आय ॲम वर्किंग सिन्स सिक्स इयर्स’’ हे चूक. मुदत सांगायची तर ‘फॉर’ : ‘‘आय हॅव वर्क्ड इन अवर शॉप फॉर सिक्स इयर्स.’’ सुरुवातीचे साल सांगायचे तर ‘सिन्स’ : ‘‘सिन्स २०१९.’’ एवढे एक ध्यानात ठेवले तर निम्मी मुलाखत नीट होते, कारण अनुभवाचे प्रत्येक वाक्य या दोन शब्दांवरून जाते.

उच्चारांबद्दल उगाच न्यूनगंड बाळगू नये. उर्दू बोलणाऱ्या मुलाला ‘झीरो’, ‘बिझनेस’, ‘फॅमिली’ यातले आवाज घरातूनच मिळालेले असतात. ‘इस्कूल’, ‘इस्टेशन’, ‘इस्टॉक’ यातला पुढचा ‘इ’ तेवढा काढून टाकायचा. आणि उर्दू, हिंदी, मराठी या तीन भाषा येतात हे सांगायला विसरू नये. वऱ्हाडात ज्याला गिऱ्हाइकाशी त्याच्या भाषेत बोलता येते त्याला दुकानदार जसा जपतो, तसाच बँकेचा आणि दवाखान्याचा मॅनेजरही जपतो. ‘‘आय कॅन टॉक टु कस्टमर्स इन मराठी, हिंदी अँड उर्दू.’’

कुठे इंग्रजी लागते, कुठे नाही

अकोल्याच्या एम.आय.डी.सी.तल्या डाळ मिलमध्ये किंवा तेल मिलमध्ये मालक हिंदी-मराठीतच बोलतो, तिथे इंग्रजी पाजळण्यात अर्थ नाही. अमरावतीजवळ नांदगाव पेठला कापडाचे कारखाने आले आहेत आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी तिथल्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. अशा मोठ्या कारखान्यांत बाहेरगावचा अधिकारी मुलाखत घ्यायला बसला तर पहिली दोन-तीन मिनिटे इंग्रजीत जातात, पुढे गाडी हिंदीवर येते. त्या दोन-तीन मिनिटांसाठीच ही सारी तयारी.

आखातात जाणाऱ्या कारागिरांची गोष्ट वेगळी. मुंबईत ट्रेड टेस्ट होते आणि प्रश्न ठरलेले असतात : किती वर्षे, इंडियाचा अनुभव की गल्फचा, कोणते मशीन. उत्तरे थोडक्यात द्यावीत. आपणही विचारावे, ‘‘हाउ मेनी ड्यूटी अवर्स? इज ओव्हरटाइम पेड? इज अकॉमोडेशन फ्री?’’ एजंटाकडे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालचा परवाना आहे की नाही हे त्याआधी पाहावे.

सरकारी नोकरीबद्दलही एक गोष्ट सांगून टाकतो. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ आणि अराजपत्रित गट ‘ब’ पदांच्या मुलाखती बंद केल्या आहेत. त्यामुळे असल्या पदासाठी ‘इंटरव्ह्यूची सेटिंग’ करून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल तर त्याला चहासुद्धा पाजू नये.

अवघड प्रश्न

‘‘वडिलांचे दुकान असताना नोकरी कशाला?’’ हा प्रश्न आपल्या मुलांना हमखास येतो. दुकानात आता राम राहिला नाही, मोबाइलवरून माल मागवतात, तिघा भावांचे भागत नाही, हे सगळे खरे असले तरी तिथे रडगाणे गाऊ नये. ज्या दुकानाने शिकवले त्याची निंदा मालकाच्या कानाला चांगली लागत नाही. ‘‘माय ब्रदर लुक्स आफ्टर द शॉप नाउ. आय वॉन्ट टु लर्न हाउ अ बिग कंपनी वर्क्स.’’ शिक्षण मध्येच सुटले असेल तर लपवू नये. ‘‘आय लेफ्ट कॉलेज बिकॉज ऑफ फॅमिली रिस्पॉन्सिबिलिटी. सिन्स देन आय हॅव वर्क्ड फुल टाइम.’’

‘‘व्हॉट इज युवर वीकनेस?’’ यावर ‘मी फार काम करतो हाच माझा दोष’ असली चलाखी आता सर्वांना माहीत झाली आहे. ‘‘माय इंग्लिश इज स्लो, बट आय अंडरस्टँड. आय प्रॅक्टिस एव्हरी डे.’’ हे खरेही आहे आणि ऐकणाऱ्याला पटतेही.

जुम्याची गोष्ट नोकरी लागल्यावर तिसऱ्या शुक्रवारी काढण्यापेक्षा जागा पक्की होत आली की मोकळेपणाने सांगावी : ‘‘ऑन फ्रायडे आय नीड अ शॉर्ट ब्रेक फॉर प्रेयर्स. आय विल मेक अप द टाइम.’’ पुष्कळ ठिकाणी एवढ्याने भागते, नाही भागले तर आधीच कळते. मोहल्ल्याचे नाव ऐकून समोरच्याच्या कपाळावर आठी पडते असाही अनुभव मुले सांगतात. तो खोटा आहे असे मी म्हणणार नाही. पण पत्ता लपवणाऱ्याकडे पाहून तीच आठी दुप्पट होते. पत्ता सरळ सांगावा आणि लगेच कामाकडे वळावे.

पगाराच्या प्रश्नाला मात्र आमची मुले जी मान खाली घालतात ते पाहून नवल वाटते. दीडशेच्या ओढणीवर गिऱ्हाइकाशी पंधरा मिनिटे घासाघीस करणारा मुलगा स्वतःच्या महिन्याच्या कमाईवर ‘‘ॲज यू विश सर’’ म्हणतो! ‘‘मे आय नो द रेंज फॉर धिस पोस्ट?’’ असे आधी विचारावे आणि मग आपला आकडा सांगावा. भाव कळल्याशिवाय बोली लावू नये हे व्यापाऱ्याच्या मुलाला शिकवायला नको.

सरावासाठी क्लासची फी भरायची गरज नाही. दुपारी दोन ते चार बाजार थंड असतो, तेव्हा मोबाइलवर स्वतःचा आवाज भरून ऐकावा. घरात शाळेत जाणारी बहीण असेल तर तिच्यासमोर बोलावे. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. आपण पाचवीत सुरू केले, त्यामुळे ती चुका बरोबर पकडते आणि हसतेही. साहेबासमोर हसे होण्यापेक्षा ते बरे.

शेवटी साहेब विचारतो, ‘‘एनी क्वेश्चन्स?’’ इथे ‘‘नो सर’’ म्हणून उठू नये. ‘‘हू विल आय रिपोर्ट टु?’’ असे विचारावे, आणि दाराकडे वळण्यापूर्वी, ‘‘व्हेन कॅन आय एक्स्पेक्ट युवर आन्सर, सर?’’